मदत हवी आहे: धागे, मोठा कचरा आणि पावडर, तिन्ही उचलणारा व्हॅक्यूम क्लीनर कोणता?

शिवणगाठ
पटकन कोणीतरी सांगा, वैताग आलाय. घरी कॉर्डलेस काठीवाला व्हॅक्यूम आहे. रोजची धूळ छान उचलतो, पण धागे फिरत्या ब्रशला गुंडाळून घेतो. मग मशीन उलटं करून कात्रीने कापत बसायचं. मोठा कचरा ओढायच्या ऐवजी पुढे ढकलत नेतो. पावडर ओढली की थोड्या वेळात मान टाकतो. बहिणीकडचा जुना डब्याचा व्हॅक्यूम आणून बघितला. तो मोठं सगळं गिळतो, पण बारीक पावडर मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. मला एकच मशीन हवंय. यूट्यूबवर जो तो गालिच्यावर कॉर्नफ्लेक्स टाकून दाखवतो. माझ्याकडे गालिचा नाही. मॉडेलचं नाव सांगा, रविवारी सेल संपतोय.

नाना_चिंचवड
बजेट? घर केवढं? फरशी कुठली? घरात कोणाला दमा वगैरे? हे काहीच लिहिलेलं नाही, मॉडेल कसं सांगणार?

गोदाकाठ
पावडर म्हणजे रांगोळी ना? आमच्याकडे दिवाळीत हाच प्रश्न येतो. रांगोळी दगडाची भुकटी असते, फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि हवा अडते. रांगोळी आधी पुठ्ठ्याने सुपलीत गोळा करायची, उरलेलं ओल्या फडक्याने. व्हॅक्यूम लावूच नका. आणि रंगीत असेल तर फडकं दोनदा पिळून घ्या, नाहीतर पांढऱ्या फरशीवर गुलाबी छटा राहते.

लॅबची_आई
कुठला कुत्रा आहे? आमचा लॅब्रडोर वर्षभर केस गाळतो. आधी रबरी हातमोजा ओला करून सोफ्यावरून फिरवा, केसांचा गोळा होऊन येतो. मग व्हॅक्यूम.

शिवणगाठ
कुत्रा नाही. रांगोळी नाही. धागे लिहिलेत ना वर! ब्लाउज शिवते मी. पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि एक इंटरलॉक (कापडाची कड शिवणारं मशीन) आहे. धागे म्हणजे शिलाईचे तुटके दोरे, मोठा कचरा म्हणजे कातरण, पावडर म्हणजे शिंप्याचा खडू आणि इंटरलॉकखाली साठणारं तूस, म्हणजे कापडाचे बारीक तंतू. बजेट बारा हजार. फरशी शहाबादी, जुनं घर आहे.

नाना_चिंचवड
हे पहिल्याच पोस्टमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं. शहाबादी म्हणजे सांधे रुंद आणि खोल असणार. तुमचा अर्धा त्रास तिथेच आहे.

खोक्यावरचे वॅट बघून घेऊ नका. तो आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो. उचलण्याचं काम दोन गोष्टींवर चालतं: ओढ किती, म्हणजे दाब किती पास्कलने कमी होतो, आणि हवा किती वाहते. रोबोट आणि काठीवाल्यांच्या जाहिरातीत पास्कलचा मोठा आकडा असतो, पण तो बहुतेक वेळा तोंड पूर्ण बंद ठेवून मोजलेला असतो. त्या वेळी हवा वाहतच नसते. कचरा वाहून नेते ती हवा. दाब आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे हवेचे वॅट. तो आकडा कंपनीने दिला असेल तर तो बघा.

आता तुमचा कचरा. खडू हलका आणि बारीक असतो, त्याला फिल्टर चांगला लागतो. कातरण हलकी पण रुंद असते, तिला जाडी नळी आणि भरपूर हवा लागते. दोरा लांब असतो, म्हणून फिरता ब्रश असलेलं कुठलंही मशीन त्याला गुंडाळणारच. दोरा ब्रशच्या टोकाला, बेअरिंगपाशी जाऊन बसला की तिथे घासून गरम होतो, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गुळगुळीत फरशीवर फिरत्या ब्रशची गरज नसते, तो गालिच्यासाठी असतो. एकच तोंड लावून तिन्ही कचरे तितकेच चांगले उचलणारं मशीन मला माहीत नाही. मशीन एक असू शकतं, तोंडं बदलावी लागतील.

म्युनिकमधून
नाना म्हणतात ते बरोबर. इथे युरोपात सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूमला १६०० वॅटची मर्यादा आली आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची. लोक खूप चिडले होते, पण ९०० वॅटवाली मशिनं नीट साफ करतात. तोंडाची आणि नळीची रचना सुधारली.

शिवणगाठताई, तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा इथे व्हॅक्यूमवर ऊर्जेचं लेबल लावावं लागायचं, त्यावर गालिच्यासाठी वेगळी श्रेणी असायची आणि कडक फरशीसाठी वेगळी. कडक फरशीच्या चाचणीत धूळ सपाट पृष्ठभागावर टाकत नसत, खाचेत भरून किती निघते ते मोजत. तुमच्या शहाबादीच्या सांध्यांसारखीच अवस्था. एकच मशीन गालिच्यावर वरच्या श्रेणीत आणि फरशीवर खालच्या श्रेणीत असं सर्रास दिसायचं. पुढे व्हॅक्यूम बनवणारी डायसन कंपनी युरोपीय न्यायालयात गेली, कारण ऊर्जेची चाचणी रिकाम्या डब्याने व्हायची, आणि घरात डबा भरत जातो तशी ओढ कमी होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने ते लेबल रद्द केलं. ९०० वॅटची मर्यादा मात्र राहिली.

रोबोप्रेमी
एवढा विचार कशाला? लेझरवाला रोबोट घ्या, मॉपिंगसकट. आमच्याकडे सकाळी आपोआप केर निघतो. बायको खूश, मी खूश.

कुंचा_झिंदाबाद
शिवणकामाच्या खोलीत रोबोट? मशीनच्या पायदानाची वायर, जमिनीवर लोळणारं अस्तर, दोऱ्याची रिळं. तो पहिल्या दिवशी अडकेल. कुंचा आणि सुपली घ्या. कातरण दोन फटक्यांत गोळा. आमच्या आईने आयुष्यभर शिवणकाम केलं, तिला व्हॅक्यूम लागला नाही.

रोबोप्रेमी
कुंच्याने खडू उडतो तो कुठे जातो? फुफ्फुसात. तुम्ही उगाच जुनं ते सोनं करताय.

कुंचा_झिंदाबाद
ओला कुंचा वापरा, नाही उडत.

शिवणगाठ
ओला कुंचा नको. खाली नवरीचं सिल्क पसरलेलं असतं. एक थेंब पडला तर मी कुठून भरून देऊ?

मोजमाप
मी घरच्या घरी हे करून बघितलंय, दोन मशिनं घेऊन: काठीवालं आणि पिशवीवालं चाकांचं. चहाची चाळणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. रवा, तांदूळ, टाल्कम पावडर, कंगव्यातले केस. प्रत्येक धान्य ५० ग्रॅम मोजून फरशीवर सारखं पसरलं, एकदा पुढे, एकदा मागे, मग मशीनचा डबा वजन करून किती आलं ते पाहिलं. एवढं वेगळं चित्र येईल असं वाटलं नव्हतं.

तांदळात काठीवालं मागे पडलं. त्याचं तोंड फरशीला इतकं चिकटून चालतं की दाणे पुढच्या कडेला आदळतात आणि पुढे सरकत जातात. तोंडाची पुढची कड जरा उचलून धरली, किंवा मागे खेचताना ओढलं, की तेच दाणे आत जातात. त्याच्या फिरत्या ब्रशने काही दाणे चक्क मागे माझ्या पायावर उडवले. रव्यात दोन्ही सारखे. टाल्कममध्ये काठीवालं सपाट फरशीवर स्वच्छ करतं, सांध्यात मात्र पांढरी रेघ राहते. तिथे चपटं अरुंद तोंड लावून सांध्यावरून सरळ ओढलं की निघते. केसांत पिशवीवाल्याचं साधं तोंड जिंकलं, कारण गुंडाळायला त्यात काही फिरतच नाही.

सर्वांत जास्त फरक सुरुवातीला दिसला नाही. टाल्कमनंतर काठीवाल्याचा फिल्टर न झटकता पुन्हा तांदूळ ओढला, तर ओढ चांगलीच उतरलेली. म्हणून दुकानातला पहिला अनुभव बघून निर्णय घेऊ नका. आधी पावडर ओढायला लावा, मग कातरण.

अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची गालिच्याची एक ठरलेली चाचणी आहे, तीत ९० ग्रॅम वाळू आणि १० ग्रॅम टाल्क एकत्र करून गालिच्यात मुरवतात. तुमच्या कातरणीबद्दल तिच्यातून काही कळत नाही, यूट्यूबवरच्या कॉर्नफ्लेक्समधूनही नाही.

गोदाकाठ
टाल्कमवरून आठवलं, मुंग्यांसाठी टाल्कम चालतं का कोणाकडे? आमच्याकडे ओट्यावर रांग लागते.

इचलकरंजीकर
मुंग्यांचा वेगळा धागा काढा की.

शिवणगाठताई, आमचं गाव मागांचं, तूस आमच्या रोजच्या ओळखीचं. तूस पावडरसारखं वागत नाही. ते फिल्टरवर जाळीसारखा थर बांधतं आणि मग खडूही त्यात अडकतो, म्हणून तुमचं मशीन इतक्या लवकर मान टाकतं. फिल्टरला बाहेरून पातळ नायलॉनचं कापड चढवा, जुना लांब पायमोजा चालतो. तूस त्यावर राहतं, सोलून फेकता येतं, आतला फिल्टर वाचतो.

आणि टाचण्या! हे कोणी विचारलंच नाही. शिवणकामात टाचण्या पडतातच. पिशवीवाल्यात टाचणी पिशवी फोडते, काठीवाल्यात ब्रशमध्ये रुतते. आधी फरशीवरून लोहचुंबक फिरवा, मग व्हॅक्यूम. सुई तुटली असेल तर तिचा तुकडा शोधल्याशिवाय मशीन चालूच करू नका.

शिवणगाठ
टाचण्या चुंबकानेच उचलते, तेवढं कळतं मला. पायमोज्याचं मात्र आजच करते. नानाकाका, मग घेऊ काय? बहिणीसारखा ओला-सुका डबा की पिशवीवाला? फिल्टर धुवायचा प्रकार नको, पावसाळ्यात आमच्याकडे काही वाळत नाही.

नाना_चिंचवड
फिल्टर वाळायचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धुतलेला फिल्टर पूर्ण कोरडा न करता बसवला तर वास येतो आणि मोटरलाही ओल लागते. कंपन्या सहसा चोवीस तास वाळवायला सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते तुमच्याकडे होणार नाही. धुण्याचा फिल्टर असलेलंच घेतलंत तर दुसरा फिल्टर जवळ हवा.

तुमच्या कामाला मी ओला-सुका डब्याचा घेईन, जाड नळीचा. पण त्यात पिशवी बसवण्याची सोय हवी. कागदी पिशवी नको, न विणलेल्या कापडाची. बहिणीच्या मशीनमधून पावडर मागून येते त्याचं कारण बहुतेक पिशवी नाही आणि नुसत्या स्पंजच्या फिल्टरवर चाललंय. पिशवी आणि तिच्यामागे घडीचा फिल्टर असेल तर खडू खोलीत परत येणार नाही. एच१३ प्रतीचा हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा फिल्टर, मिळाला तर उत्तम. तो पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो. मात्र फिल्टर चांगला असून भागत नाही. झाकणाच्या रबरातून हवा निसटत असेल तर धूळ त्या वाटेने बाहेर येते. दुकानात चालू करून झाकणाच्या कडेभोवती हात फिरवून बघा.

लॅबची_आई
काका, डब्याचा आवाज किती असतो सांगा ना त्यांना. आमच्याकडचा लावला की कुत्रा पलंगाखाली जातो.

नाना_चिंचवड
आवाज जास्त असतो, हे खरं. गिऱ्हाईक समोर असताना लावता येणार नाही.

रोबोप्रेमी
म्हणून म्हणतोय रोबोट.

मोजमाप
शिवणगाठताई, जाताना एका पिशवीत तुमचीच कातरण घेऊन जा. त्यात जॉर्जेट किंवा क्रेपचे तुकडे नक्की असू द्या. सुती तुकडा सहज जातो, कृत्रिम धाग्याचा तुकडा स्थिर विजेने फरशीला आणि नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतो. दुसऱ्या पुडीत खडूची भुकटी आणि तूस. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. ऑनलाइन सेलमधून घ्याल तर हे बघताच येणार नाही.

शिवणगाठ
सेल गेला तर गेला. शनिवारी पुड्या घेऊन लक्ष्मी रस्त्याला जाते. नळी किती जाडीची मागू? आणि त्या कापडी पिशव्या दुकानात सुट्या मिळतात का, की कंपनीकडूनच मागवाव्या लागतात?

इचलकरंजीकर
३५ मिलिमीटर मागा. त्याहून बारीक नळीत कातरण वळणावर अडकते. अडकली तर काठी खुपसू नका, नळी काढून दुसऱ्या टोकाकडून ओढायला लावा. पिशव्यांचं दुकानदाराला आधीच विचारा, आणि त्या कुठल्या मापाच्या ते खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

गोदाकाठ
ताई, लक्ष्मी रस्त्याला जाताच आहात तर चांगला रांगोळीचा साचा कुठे मिळतो ते बघाल का?