जुन्या मिलिटरी मॉझरला नवीन साइट बसवायच्यात, पुढची किती उंच घ्यावी?

रानवाट:

नमस्कार मंडळी, घरात आजोबांपासून चालत आलेली एक मॉझर आहे, गेवेअर ९८, मुळात जर्मन मिलिटरीची पण फार पूर्वी कुणीतरी तिची शिकारी रायफल करून टाकलीय. पुढचं लाकूड कापलंय, हँडगार्ड नाही, आणि नळी मूळची ७४० मिमीची ती कापून ५६० वर आणलीय, त्यामुळे पुढची साइट नळीच्या तुकड्याबरोबरच गेली. मागच्या साइटचा स्लीव्हसुद्धा काढून टाकलाय, नळीवर तिथे कथलाच्या डागाचे (सोल्डरचे) करडे पट्टे अजून दिसतात. थोडक्यात आज तिच्यावर नेम धरायला काहीच नाही. नळीच्या तोंडाजवळ वरच्या बाजूला आटे पाडलेली दोन भोकं आहेत, म्हणजे कधीतरी तिथे रॅम्प (पुढच्या साइटची उतरती बैठक) होता. रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाला) मात्र कुणी हात लावलेला नाही, क्लिप लावायचा उंचवटा शाबूत आहे.

स्कोप नकोय. बोल्टचा दांडा सरळ आहे, सेफ्टी ती उभी फिरणारी जुनी, दोन्ही स्कोपला आडव्या येतात, दांडा वाकवून सेफ्टी बदलत बसायची इच्छा नाही आणि मला ती उघड्या साइटवरच आवडते. डोळे मात्र आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, यू-खाच धूसर दिसते. म्हणून मागे रिसीव्हरवर पीप साइट (छोट्या भोकातून बघायची) आणि पुढे रॅम्पवर ब्लेड (उभी पट्टी) असं डोक्यात आहे. परवान्याचं आणि नियमांचं सगळं बघून झालंय, ती काळजी नको. प्रश्न तीन आहेत. रिसीव्हरला भोकं पाडणं कितपत अवघड, पुढचं ब्लेड किती उंच मागवायचं हे आधी कसं कळणार, आणि रॅम्प नुसत्या स्क्रूवर ठेवायचा की डाग पण द्यायचा?

कानसवाला:

रानवाट भाऊ, साइटच्या आधी एक सांगतो. रायफलचा इतिहास माहीत नाही म्हणताय तर पहिल्यांदा हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर) गेजने तपासून घ्या आणि नळीचं बोअर (आतलं भोक) मोजून घ्या. ८x५७ मध्ये, म्हणजे या रायफलच्या काडतुसात, दोन जाती आहेत, जुन्या जे बोअरला गोळी .३१८ इंचाची आणि १९०५ नंतरच्या एस बोअरला .३२३ ची. गेवेअर ९८ च्या सुरुवातीच्या रायफली जे बोअरच्या होत्या, बहुतेक नंतर बदलल्या गेल्या पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे. शिशाचा गोळा बोअरमधून ढकलून मोजला की दहा मिनिटांत शंका फिटते. हे झाल्याशिवाय साइटवर पैसे घालू नका.

आता भोकांचं. मॉझर ९८ चा रिसीव्हर केस हार्डन्ड असतो, म्हणजे आतून पोलाद मऊ आणि चिवट, वरून पातळ कातडी काचेसारखी कडक. साधं ड्रिल त्यावर टेकवलं की ते कापत नाही, घसरतं, आणि घसरलं की ओरखडा पण पडतो आणि भोक पण बाजूला जातं. कधी वरची कातडी इतकी कडक लागते की कानस फिरवली तर नुसती सरकते, पोलादाला लागतच नाही. (कानसेने तपासायचं तर साइटखाली झाकल्या जाईल अशाच जागी, कोपऱ्याने हलकेच.) उपाय असा की तेवढ्याच ठिपक्यावर छोट्या ग्राइंडिंग स्टोनने वरची कातडी घासून काढायची किंवा कार्बाइडच्या ड्रिलने सुरुवात करायची, खाली मऊ लागलं की मग साधं चालतं. काही जण टॉर्चने तो ठिपका तापवून मऊ करतात, ते मला पटत नाही. रिसीव्हरचं पाणी नेमकं कुठपर्यंत उतरलं हे बाहेरून कळत नाही आणि त्याच पोलादाच्या मागे तुमचा चेहरा असतो.

हातातल्या ड्रिलने हे काम करूच नका. ड्रिल प्रेस किंवा मिलिंग मशीन, रिसीव्हर जिगमध्ये (पकडून ठेवायच्या साच्यात) घट्ट, बोल्ट बाहेर, आणि पहिलं भोक पाडून टॅप करून (आटे पाडून) साइट एका स्क्रूवर लावून बघायची, सरळ बसली तरच दुसऱ्या भोकाची जागा आखायची. बहुतेक रिसीव्हर साइटचे स्क्रू ६-४८ चे (६ नंबरचा स्क्रू, इंचाला ४८ आटे) येतात, त्याला ३१ नंबरचं ड्रिल. टॅप नवीन घ्या, अर्धा आटा पुढे पाव मागे असं करत तेल घालत जा. हा टॅप आत तुटला तर काढणं महाकठीण, कारण टॅप स्वतः रिसीव्हरपेक्षा कडक. यंत्र आणि अनुभव दोन्ही हाताशी नसतील तर हा एवढा भाग परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्या, बाकीचं सगळं मग निवांत करता येतं.

स्क्रू घट्ट केल्यावर बोल्ट घालून सावकाश मागेपुढे करा. स्क्रूचं टोक आत थोडं जरी डोकावलं तरी बोल्ट तिथे घासतो. तसं असेल तर स्क्रू कमी करायचा, बोल्टला हात लावायचा नाही.

मोजपट्टी:

कानसवाल्यांचं सगळं मान्य. मी उंचीचं सांगतो कारण इथेच लोक अंदाजाने ब्लेड मागवतात आणि मग तीन-तीन ब्लेडं ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

पहिली गोष्ट, सगळी उंची बोअरच्या मध्यापासून मोजायची, नळीच्या पृष्ठभागापासून नाही. नळी मागे जाड पुढे बारीक असते, पृष्ठभागापासून मोजलं की हिशोब तिथेच चुकतो. व्हर्नियरने ब्लेडच्या टोकापासून नळीच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं आणि त्यातून त्या जागच्या नळीचा अर्धा व्यास वजा करायचा, झाली बोअरच्या मध्यापासूनची उंची. मागे पीपचं तसंच, भोकाच्या मध्यापासून मोजायचं, पण पीप त्याच्या सरकण्याच्या पट्ट्यात खालून एक तृतीयांशावर ठेवून, म्हणजे पुढे वरखाली करायला जागा उरते.

आता समजा मागे पीपची उंची २० मिमी आली आणि दोन साइटमधलं अंतर ६५० मिमी आहे, तुमच्या ५६० च्या नळीला साधारण तेवढंच येईल. पुढचं ब्लेड पण २० चं लावलं तर नेमाची रेषा आणि बोअर समांतर होतात. गोळी मात्र समांतर जात नाही, निघाल्या क्षणापासून खाली पडायला लागते, ८x५७ च्या नेहमीच्या लोडला (काडतुसाला) १०० मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटर, शिवाय बोअर मुळातच नेमाच्या रेषेखाली २ सेंटिमीटर. म्हणजे गोळी नेमाच्या साधारण साडेअकरा सेंटिमीटर खाली. हे भरून काढायला ब्लेड किती कमी हवं? साइटमधलं अंतर गुणिले चूक भागिले टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. ६५० गुणिले ११५ भागिले १,००,०००, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तर ब्लेड १९.२५ चं हवं, बोअरच्या मध्यापासून. त्यातून तोंडाशी नळीचा अर्धा व्यास आणि रॅम्पची उंची वजा करा, उरतं ते ब्लेड.

पण मागवताना त्याहून एक-दीड मिमी उंचच मागवा. नळी गोळी सुटताना थरथरते, प्रत्येक रायफल आपापल्या मनाने थोडं वर किंवा खाली मारते, कागदावरचा आकडा तुम्हाला जवळ आणून सोडतो एवढंच. उंच ब्लेड कानसून कमी करता येतं, कमी झालेलं वाढवता येत नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच की मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढची साइट सरकवाल त्याच्या उलट. पुढचं ब्लेड कमी केलं की गोळी वर चढते. म्हणून आधी ५० मीटरवर टेकवून मारा, गोळी खाली लागेल, तोच फॉर्म्युला लावा आणि जितकं निघतं त्याच्या निम्मंच कानसा, मग परत मारा. जो लोड पुढे कायम वापरणार त्याच लोडने.

ब्लेडची रुंदी पण बघा. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ७५० मिमीवर धरली तर २ मिमी रुंद ब्लेड १०० मीटरवर सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर झाकतं. डोळ्याचा त्रास असेल तर बारीक ब्लेडचा मोह टाळा, ते दिसतच नाही. २ मिमी, माथा सपाट, मागच्या बाजूला किंचित खालून कोरलेलं म्हणजे ऊन चमकत नाही. मणीवाल्या ब्लेडवर एका बाजूने ऊन पडलं की मणी सरकल्यासारखा दिसतो आणि नेम चुकतो. पीपचं भोक मात्र शिकारीला मोठं ठेवा, आणि भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं, मध्य डोळा आपोआप शोधतो. चाळिशीनंतरच्या डोळ्याला पीप म्हणूनच मानवतं, तीनऐवजी दोनच गोष्टी सांभाळायच्या.

जुन्या गेवेअरवर मुळात मागे जी लांगे साइट होती तिची सगळ्यात खालची खूण ४०० मीटरची होती, म्हणजे १०० वर ती चांगलीच वर मारायची. ती काढून टाकली गेली याचं शिकारीच्या दृष्टीने फार वाईट वाटून घेऊ नका.

तांबडी माती:

डागाबद्दल माझं मत. रॅम्पला दोन स्क्रू असतील आणि त्याचं बूड नळीच्या गोलाईवर नीट बसत असेल तर नुसते स्क्रू पुरतात, पण या नळीवर मी डाग देईन कारण ती भोकं दुसऱ्या कुणी पाडलेली आहेत. आधी त्यांची खोली मोजा. समजा तोंडाशी नळी १५ मिमीची आहे, आत खाचांचा व्यास ८.२, म्हणजे भिंत जेमतेम ३.४ मिमी. एवढ्यात आट्यांना फार पकड नसते. भोक खूप खोल गेलं असेल तर ते तसंच वापरण्याआधी नळी एखाद्या जाणकाराला दाखवाच. घट्ट बसणारी चिंधी रॉडवर घालून सावकाश ढकला, भोकांखाली हाताला अडखळ किंवा एकदम सैल लागलं तर तिथे गडबड आहे. आणि नवीन स्क्रू भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला तर रॅम्प आवळलाच जात नाही, वर जोर लावला तर आत फुगवटा येतो.

डाग म्हणजे मऊ डाग, कथील आणि चांदीचा ९६-४ वाला, २२०-२३० डिग्रीला वितळतो, तेवढ्या उष्णतेने नळीच्या पोलादाला काही होत नाही. ब्रेझिंगवाला चांदीचा डाग इथे अजिबात नको, त्याला सहाशेच्या वर तापवावं लागतं, नळीच्या आत पापुद्रे धरतात आणि तोंडाजवळचं बोअर खराब झालं की अॅक्युरसी गेली. रॅम्पचं बूड आणि नळी दोन्ही आधी चकचकीत घासून वेगवेगळं कथील चढवा, मग स्क्रूने हलकं आवळून तापवा, कडेला बारीक चंदेरी रेघ दिसली की थांबा. बाहेर आलेलं कथील पितळी पट्टीने खरवडायचं, पोलादी पातीने नाही.

आणि ब्ल्यूइंग (पोलादावर निळा-काळा थर चढवणं) करायचं असेल तर गरम कॉस्टिकवालं नको, त्यातल्या क्षारांनी हा डाग खाल्ला जाऊ शकतो. रस्ट ब्ल्यू (हळूहळू गंज आणून केलेलं) करा, वेळ लागतो पण डाग सुरक्षित राहतो, आणि जुन्या रायफलवर तो दिसतोही जास्त शोभून. त्याच वेळी मागचे करडे पट्टे पण घासून निघतील.

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हेडस्पेस आणि बोअर आधी, मग रिसीव्हरची भोकं गनस्मिथकडून, बाकी मी. एक राहिलं. जो रॅम्प बघतोय त्यात ब्लेड डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत बसतं. ते कुठल्या बाजूने ठोकायचं आणि किती घट्ट असावं? आणि कापलेल्या नळीचं तोंड मला थोडं वाकडं वाटतंय, ते आधी करू की नंतर?

कानसवाला:

तोंड आधी, नक्की आधी. वाकड्या तोंडाच्या नळीला तुम्ही कितीही छान ब्लेड लावा, गोळ्या पसरणारच, आणि नंतर तोंड सरळ केलंत की सगळा नेम हलतो, मग ब्लेड पुन्हा कानसायचं. नवीन क्राउन (नळीच्या तोंडाची कड) करून घ्या, त्यात एक-दोन मिमी नळी जाईल, रॅम्पच्या पुढे तेवढी जागा आहे का बघून घ्या.

डव्हटेलचं असं, ब्लेड उजवीकडून डावीकडे आत जातं आणि काढताना डावीकडून उजवीकडे, रायफल खांद्याला लावल्यावरचं उजवं-डावं. जुन्या खाचा कधी किंचित निमुळत्या असतात, उलटं ठोकलं तर ब्लेड अर्ध्यात अडकतं. घट्टपणा किती, तर बोटाने दाबून एक तृतीयांश आत जायला हवं, पुढचं पितळी पंच आणि हलक्या हातोडीने. बोटानेच पूर्ण गेलं तर सैल, ठोकूनही सुरुवातच होत नसेल तर कानसायला हवं. कानसायचं ते ब्लेडचं बूड, खाच नाही, कारण ब्लेड चुकलं तर दुसरं मिळतं, रॅम्प डाग देऊन बसवलेला असतो. तिकोनी कानस घ्या आणि तिची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या म्हणजे बूड कानसताना तिरपी कड खाल्ली जात नाही. दोन-तीन हात फिरवले की बसवून बघायचं, परत दोन-तीन हात.

नेम पूर्ण लागेपर्यंत लॉकटाइट (आटे पक्के धरणारा डिंक) वगैरे काही घालू नका, डावी-उजवीकडची चूक ब्लेड खाचेत सरकवूनच काढायची आहे, पीपचं विंडेज (डावं-उजवं सरकणं) मध्यावर ठेवून. लागला की खाचेच्या कडेला आणि ब्लेडवर मिळून एकच बारीक रेघ मारून ठेवा, पुढे कधी धक्का लागून सरकलं तर लगेच दिसेल. रिसीव्हर साइटच्या स्क्रूंना मात्र निळं लॉकटाइट, आधी अॅसिटोनने तेल पूर्ण काढून.

मोजपट्टी:

क्राउन झाल्यावर नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास पुन्हा मोजून इथे टाका, पीपची उंची पण. ब्लेड मागवण्याआधी आकडा एकदा मीही करून बघतो.