मदत हवी आहे: थंड जपानी नूडल्सच्या सॅलडला भाजक्या तिळाचा वास कसा आणायचा?

पुण्यात एका हॉटेलात सोबा नूडल्सचं थंड सॅलड खाल्लं. काकडी, गाजर, वरून तीळ आणि आंबटगोड सोया सॉस. तेच घरी करायचंय. जळगावात सोबा मिळाल्या नाहीत, म्हणून हक्का नूडल्स उकडून बर्फाच्या पाण्यात धुतल्या. त्या छान मोकळ्या झाल्या.

अडलंय ते सॉसवर. सोया सॉस, साखर, आलं घातलं. तांदळाच्या व्हिनेगरऐवजी साधं व्हिनेगर पाणी घालून सौम्य केलं, तेही जमलं. पण घाण्याचं तिळाचं तेल कच्चंच लागतं. जपानी तेल भाजलेल्या तिळाचं, गडद असतं. तीळ भाजून वाटून घातले, तर सॉस चटणीसारखा दाट झाला. घरात मासे-अंडं चालत नाही.

भाजलेले तीळ याच तेलात मंद आचेवर तापवून गाळले तर तो वास उतरेल का? वाटीभर तेलाला किती तीळ घेऊ?