बिडी सुटली नाही, पण ओट्यावरून उठली

बोरीकाठ, अमळनेर
आमच्याकडे लग्नात पाहुणे टेकले की सुपारी, बिड्या आणि काडेपेटी मांडलेलं ताट फिरायचं. लहानपणी मी स्वतः ते फिरवलंय. आता त्या ताटात बडीशेप असते. ओढणारे आहेतच, पण ते मांडवामागे जातात. माझं ठाम मत आहे की हे कायद्याने घडलं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. दोनशे रुपये दंड भरताना मी कुणाला पाहिलं नाही, पण एसटीच्या फलाटावर "भाऊ, बाहेर जाऊन ओढा" असं माझी आई बिनधास्त म्हणते. आधी तिची ती हिंमत नव्हती. काका ओट्यावर बसून ओढायचे, आता गोठ्याकडे जातात. म्हणतात, "सुटत नही, पन लाज वाटस." ही लाजच उद्या बिडी सोडवेल.

टपरीवरून, पारोळा
दादा, नाही पटलं. लाजेने माणूस लपतो, सोडत नाही. मी रोज गल्ल्यावर बसतो म्हणून सांगतो. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकलेला असतो. अख्खं पाकीट घेणारे ते चित्र बघतात, "हे नको, दुसऱ्या चित्राचं दे" म्हणतात. म्हणजे टोचतं त्यांना. पण बिडीवाला दोन नाहीतर चार बिड्या नेतो. बंडल मी फोडतो, कागद माझ्याकडेच राहतो. त्याने चित्र बघायचं कुठे?

सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुट्या विक्रीला बंदी आहे, हे मला माहीत आहे. चूक माझीही आहे, कबूल. पण पहाटे कामावर निघालेल्या मजुराला अख्खं बंडल गळ्यात मारलं तर तो दिवसभरात तेवढं संपवेल, ही भीतीही खरी आहे. माझ्या अनुभवात फरक पडतो तो भावाने. सिगारेट महागली की पाचवाला तीनवर येतो. काही जण मात्र बिडीकडे वळतात.

केळीबाग, रावेर
मग बिडी स्वस्त का ठेवायची? सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत सिगारेट ४० टक्क्यांच्या गटात घालायचं ठरलं आणि बिडी २८ वरून १८ वर आणायचं. आमच्याकडे घड वाहणारी पोरं गाडी भरून झाली की बिडीच पेटवतात. त्यांचं फुप्फुस काय वेगळ्या मातीचं आहे? माझा या धोरणावर राग आहे.

सातपुडा पायथा, शहादा
राग बरोबर आहे, पण बिडी वळायला लागणारी टेंभुर्णीची पानं तोडणाऱ्या बाया आमच्याच पाड्यांवरच्या. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा हाच पैसा हातात येतो. कर वाढवा, माझी ना नाही. पण त्या करातला वाटा या बायांच्या दुसऱ्या रोजगाराला द्या. तो विषय कुणी काढत नाही.

आशाताई, धुळे तालुका
बोरीकाठ भाऊ, आकडे तुमच्या बाजूने आहेत. महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ २००९-१० मध्ये ६.६ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ३.८. मला आनंदच आहे. पण त्याच २०१६-१७ च्या पाहणीत तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. मी घरोघरी फिरते. "बिडी सोडली ताई" म्हणणाऱ्याच्या ओठाआड पुष्कळदा चिमूट असते. धूर नाही, वास नाही, कुणी उठवत नाही. तोंड उघडायला सांगितलं की आत पांढरा चट्टा दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

२०१८ पासून पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा नंबर छापतात, १८००-११-२३५६, फुकट आहे. टपरीवाले दादा, तुम्ही कागद फोडून ठेवता तेव्हा तो नंबरही तुमच्याकडेच राहतो. निदान एका पाटीवर लिहून लावा.

टपरीवरून, पारोळा
ताई, लावतो. खडूने नाही, रंगाने लिहून घेतो.

बोरीकाठ, अमळनेर
ताई, तुमचं वाचलं आणि उठून खुंटीवरची काकांची बंडी चाचपली. बिडीचं बंडल नव्हतं. चुन्याची डबी होती.