प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उलटसुलट वाचली जातेय, क्रम कसा लावायचा?

चोपडा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेवर आहे. यंदा नववीत एक मुलगा आलाय, त्याला अजिबात दिसत नाही पण लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) लावून झरझर वाचतो, माझ्याहून जास्त स्पीडने. घटक चाचणीचा पेपर मी नेहमीसारखा वर्डमध्ये दोन रकान्यांत केला (कागद कमी लागतो म्हणून ती सवयच लागलीये) आणि पीडीएफ करून त्याला सरावाला दिला. काल त्याच्या शेजारी बसून हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली तर आधी "एकूण गुण २०", मग एकदम प्रश्न ३, मग प्रश्न १ चा अर्धा भाग आणि नकाशाखालची ओळ मध्येच कुठेतरी. जोड्या लावा तर असं ऐकू आलं: "हतनूर, गरम पाण्याचे झरे. उनपदेव, तापीवरचं धरण. फैजपूर, थंड हवेचं ठिकाण. तोरणमाळ, १९३६ चं काँग्रेस अधिवेशन." पोरगा थांबला आणि म्हणाला, "सर, हतनूरला तर धरण आहे ना?" त्याला सगळ्या जोड्या येतात हो, पण हा जोड्यांचा प्रश्न आहे हेच त्याला कळलं नाही, कारण "जोड्या लावा" ही ओळ अजून पुढे कुठेतरी होती. रात्रभर डोक्यातून गेलं नाही ते. स्क्रीनवर तर सगळं जागच्या जागी दिसतं. पुढच्या सोमवारी चाचणी आहे, काय करू?

धुळे_डीटीपी
सर दोन गोष्टी सांगा, रकाने कसे पाडलेत आणि पीडीएफ कशी काढली? माझा अंदाज, रकाने टेक्स्टबॉक्सचे असणार आणि पीडीएफ प्रिंट कमांड देऊन काढलेली असणार.

चोपडा_मास्तर
दोन्ही बरोबर. कॉलम केले की नकाशा हलतो म्हणून टेक्स्टबॉक्स. आणि प्रिंटमध्ये जाऊन प्रिंट टू पीडीएफ.

धुळे_डीटीपी
मग दुखणं तिथंच आहे. बघा, आपल्याला पानावर दिसतं ते चित्र असतं आणि स्क्रीन रीडर वाचतो ती आतली टॅगची उतरंड, शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता अशी एकाखाली एक लावलेली. प्रिंट टू पीडीएफ केलं की हे टॅग जातच नाहीत, फाईल म्हणजे नुसती अक्षरं पानावर इथं तिथं ठेवलेली. मग ॲक्रोबॅट रीडर आपल्या मनाने क्रमाचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाची सेटिंगपण वेगवेगळी असते, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर एक ऐकू येईल आणि पोराच्या लॅपटॉपवर दुसरंच.
तर फाईल, सेव्ह ॲज, पीडीएफ, तिथं ऑप्शन्स उघडून डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅगवाल्या चौकटीत खूण आहे का बघा. लिब्रेऑफिस असेल तर एक्स्पोर्ट करताना टॅग्ड पीडीएफ. पण आधी वर्डमधले टेक्स्टबॉक्स काढा, नाहीतर टॅग लागले तरी चुकीच्या क्रमाने लागतील. बॉक्स पानावर कुठं दिसतो ते वर्ड बघत नाही, त्याचा अँकर कुठल्या परिच्छेदाला अडकलाय ते बघतं, आणि बॉक्स सरकवताना अँकर कुठं जाऊन बसतो ते आपल्या लक्षातही येत नाही. नकाशाला इन लाइन विथ टेक्स्ट करा, म्हणजे तो प्रश्नासोबतच राहील. दोन रकाने हवेच असतील तर लेआउटमधले खरे कॉलम घ्या, ते बरोबर आधी डावा मग उजवा असे वाचले जातात.

तापीकाठ
मी एवढं नाही करत, ॲक्रोबॅट प्रो मध्ये ऑर्डर पॅनलला जाऊन आकडे वरखाली ओढले की झालं. मूळ फाईल हातात नसली तर तेवढाच उपाय असतो.

धुळे_डीटीपी
भाऊ तिथंच बरेच जण फसतात, मीही एका पुस्तिकेत दोन दिवस घालवलेत. ऑर्डर पॅनल पानावरच्या मजकुराचा क्रम बदलतं, रीफ्लो व्ह्यू (मजकूर पडद्याच्या रुंदीत एका रकान्यात मांडून दाखवणारा) त्याच्यावर चालतो. स्क्रीन रीडर टॅग पॅनलमधली उतरंड वाचतो. एक लावलं म्हणून दुसरं लागेलच असं नाही, दोन्ही उघडून बघावं लागतं. आणि मूळ फाईलमध्ये शब्द बदलून पुन्हा पीडीएफ काढली की ती सगळी ओढाताण पाण्यात. म्हणून मूळ वर्डच नीट करा म्हणतो.
अजून एक, पेपर युनिकोडमध्येच टाईप करा. आपल्याकडे प्रेसमधून येणाऱ्या कितीतरी फाईली अजून जुन्या फॉन्टमध्ये असतात, दिसायला देवनागरी पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं. तिथं क्रम कितीही बरोबर लावा, ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

भुसावळ_नऊवाजता
मी स्वतः पूर्ण अंध आहे आणि बारा वर्षं एनव्हीडीएवरच काम करतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. सर, तुम्ही त्याच्या शेजारी बसून ऐकलं हे मला फार मोलाचं वाटलं. क्रम चुकला की आम्हाला चूक दिसत नाही, आम्हाला वेगळाच मजकूर ऐकू येतो आणि तो खरा वाटतो. तुमचा विद्यार्थी हुशार म्हणून हतनूरला अडला.
जोड्यांचं सांगतो. आडव्या ओळी वाचल्या की चुकीची जोडी कानात वाक्य होऊन बसते. मला आवडतं ते असं, आधी अ गट सलग एकाखाली एक, १ ते ४ आकडे देऊन, मग ब गट सलग क, ख, ग, घ देऊन, आणि उत्तर "१ – ग" असं लिहायला सांगायचं. तक्ताच हवा असेल तर टॅब मारून पाडलेला नको, इन्सर्टमधून घातलेला खरा तक्ता, वरची ओळ हेडर म्हणून, कुठलेही खण एकमेकांत न मिसळता. मग कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण दाबून तो एकटा अ गट खाली खाली ऐकू शकतो. प्रश्नांना हेडिंग स्टाईल द्या, नुसतं ठळक करू नका, हेडिंग असलं की एच दाबत तो प्रश्न ३ वरून प्रश्न ४ ला जातो. परीक्षेत वेळ मोजून असतो, त्यात पूर्ण पेपर पुन्हा पुन्हा ऐकणं म्हणजे मार्क जाणं.
आणि सूचना प्रश्नाच्या आधी. "खालीलपैकी कोणतेही दोन" ही ओळ उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत टाकतात आणि ती सगळ्यात शेवटी ऐकू येते, तोवर मी तीनही लिहून झालेलो असतो. माझ्या एका परीक्षेत खरंच झालंय हे.

तापीकाठ
टॅग पॅनलचं मला माहीतच नव्हतं, जुन्या फाईली पुन्हा उघडून बघतो. तपासायला काही सॉफ्टवेअर आहे का?

धुळे_डीटीपी
पॅक नावाचं आहे, विंडोजवर फुकट चालतं. टॅग आहेत का, भाषा मराठी लावलीये का हे ते पकडतं. पण प्रश्न ३ आधी आला की प्रश्न १, ते त्याला कळत नाही, त्याला दोन्ही परिच्छेदच. अर्थाला धरून क्रम ही डब्ल्यूसीएजीची (डिजिटल मजकूर अपंगांनाही वापरता यावा म्हणून असलेल्या जागतिक नियमावलीची) १.३.२ नंबरची अट आहे, सगळ्यात खालच्या ए पातळीची, म्हणजे किमान एवढं तरी हवंच अशातली. पण ती शेवटी माणसालाच तपासावी लागते.

चोपडा_मास्तर
केलं सगळं. टेक्स्टबॉक्स उडवले, एकच रकाना ठेवला, दोनाची तीन पानं झाली, होऊ देत. मी पण एनव्हीडीए टाकून घेतलं, स्क्रीन बंद करून इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला आणि पूर्ण पेपर ऐकला. क्रम बरोबर लागलाय. फक्त नकाशाशी येऊन "ग्राफिक" एवढंच म्हणून पुढे जातं. प्रश्न आहे तापीला मिळणाऱ्या नद्या ओळखा, आता तिथं वर्णन लिहावं तर उत्तरच फुटतं.

भुसावळ_नऊवाजता
नकाशाच्या जागी त्याला वेगळा प्रश्न द्या, तेवढ्याच गुणांचा. "भुसावळकडून पश्चिमेला निघालो तर तापीला दक्षिणेकडून आधी कोणती नदी मिळते, वाघूर, गिरणा की पांझरा, क्रमाने लिहा." नकाशातून जे ज्ञान तपासायचं तेच तपासलं जातं. पेपर फुटायचा प्रश्न नसेल तर फाईल मला पाठवा, आज नऊनंतर मोकळा आहे, ऐकून कुठं अडखळतं ते ओळीनिशी कळवतो.

चोपडा_मास्तर
चाचणीचा नाही पाठवता येणार, पण त्याच साच्यातला सरावाचा पेपर पाठवलाय. नदीचा प्रश्न सगळ्या वर्गालाच देतो आता.