अनुभव धागा : नट बदलला तेव्हा बाँड किती बदलला?

१९६२ साली ‘डॉक्टर नो’ आला आणि २०२१ साली ‘नो टाइम टू डाय’. या दोहोंच्या दरम्यान ईऑन प्रॉडक्शन्स या संस्थेने एकूण २५ बाँडपट काढले आणि शॉन कॉनरी, जॉर्ज लॅझेनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पीअर्स ब्रॉस्नन व डॅनिएल क्रेग या सहा जणांनी जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची भूमिका केली. यांतला सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद आपण सर्वांनी पुष्कळ घातलेला आहे आणि तो मिटण्यातला नाही, म्हणून तो इथे आणू नये अशी विनंती आहे. एक नट जाऊन दुसरा आला, त्या वेळी पडद्यावर नेमके काय बदललेले तुम्हाला जाणवले आणि काय मुळीच बदलले नाही, ते लिहावे. मतापेक्षा प्रसंग सांगितलात तर अधिक आवडेल.

सुरुवात मी करते. नटाचा वाटा किती आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या मंडळींचा किती, हे वेगळे काढायचे असेल तर एकाच दिग्दर्शकाने दोन नटांना घेऊन केलेले बाँडपट लागोपाठ पाहावेत. लुईस गिल्बर्ट यांनी १९६७ साली कॉनरींना घेऊन ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ केला आणि १९७७ साली मूर यांना घेऊन ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’. दोन्हींचे नेपथ्य केन ॲडम यांचे, आणि कथेचा सांगाडाही जवळजवळ एकच. पहिल्यात एक यान अंतराळातच दुसऱ्या यानांना गिळते, तर दुसऱ्यात एक अजस्र तेलवाहू जहाज पाणबुड्या गिळते. दोन्हीकडे महासत्तांना एकमेकांच्या उरावर बसवण्याचा डाव आहे आणि दोन्हीकडे शेवटी शत्रूच्या तळात तुंबळ लढाई होते. इतके सारखेपण असूनही हे दोन चित्रपट एका जातीचे वाटत नाहीत. कॉनरींच्या बाँडमध्ये आधीच्या चित्रपटांत शिकारी जनावराची जी सावधता होती, ती ज्वालामुखीच्या पोटातल्या त्या भव्य तळासमोर निरुपयोगी ठरते आणि ते तिथे काहीसे उपऱ्यासारखे वावरतात. मूर मात्र तितक्याच अवाढव्य नेपथ्यात अगदी सहज वावरतात, कारण त्यांचा बाँड मुळातच संकटापासून हातभर अंतर राखून असतो. मला वाटते, चित्रपट आधीच मोठे आणि अद्भुत होत चालले होते. त्या आकाराला साजेसा नट नंतर मिळाला.

* * *

धागाकर्तीने काय बदलले नाही असेही विचारले आहे, त्याचे उत्तर मला १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये सापडते. नट पहिल्यांदा बदलला तो याच चित्रपटात. लॅझेनबी हे ऑस्ट्रेलियातून आलेले मॉडेल होते आणि नायक म्हणून त्यांनी त्यापूर्वी काहीही केलेले नव्हते. दिग्दर्शक पीटर हंट हे आधीच्या बाँडपटांचे संकलक. प्रेक्षक या नव्या माणसाला बाँड मानतील का, ही चिंता चित्रपटाच्या अंगाअंगात दिसते. शीर्षकांच्या दृश्यांत आधीच्या चित्रपटांतल्या नायिका आणि खलनायक सरकत जातात. पण माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग वेगळा आहे. बाँड नोकरीचा राजीनामा द्यायला निघतो आणि आपल्या टेबलाचा खण उघडतो. त्यातून तो एकेक वस्तू बाहेर काढतो : ‘डॉक्टर नो’मधल्या नायिकेचा, हनीचा, पट्टा आणि सुरा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधल्या ग्रँट या मारेकऱ्याचे गळफासाच्या तारेचे घड्याळ, आणि ‘थंडरबॉल’मधले पाण्याखाली श्वास घेण्याचे छोटेसे उपकरण. प्रत्येक वस्तू हातात येताच त्या त्या चित्रपटाची धून क्षणभर वाजते. या वस्तू कॉनरींनी मिळवलेल्या आहेत आणि त्या हाताळणारे हात लॅझेनबींचे आहेत. संवाद नसतानाही तो खण सांगतो की हा तोच माणूस आहे.

आणि मग याच चित्रपटात त्याचे लग्न होते व काही मिनिटांतच त्याची पत्नी ट्रेसी गोळीला बळी पडते. डायना रिग यांनी ट्रेसीला जो ताठ कणा दिला होता, त्यामुळे तो शेवट आजही सहन होत नाही. लॅझेनबी एकच चित्रपट करून गेले, परंतु त्यांच्या बाँडने सोसलेले दुःख पुढच्या नटांकडे चालत आले. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या प्रारंभी मूर तिच्या थडग्यावर फुले ठेवतात. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये, याचे एकदा लग्न झाले होते पण त्याला फार काळ लोटला, असे त्याचा मित्र फीलिक्स लाइटर सांगतो आणि डाल्टन यांचा चेहरा क्षणात मिटतो. चेहरे तीन आणि विधुर एकच, ही गोष्ट मला या मालिकेत सर्वांत मोलाची वाटते. १९७१ साली कॉनरी परतले तेव्हा ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ने ट्रेसीचे नावही काढले नाही, याची खंत म्हणूनच अजून जात नाही.

* * *

वरच्या प्रतिसादात मूर यांच्या फुलांचा उल्लेख आला, त्याला जोडून लिहितो. माझ्या पिढीने पहिला बाँड पाहिला तो मूर यांचा, आणि ‘त्यांनी बाँडचा पोरखेळ केला’ हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. ज्यांना तसे वाटते त्यांनी ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधले दोन प्रसंग पुन्हा पाहावेत. पहिल्यात रशियन हेर आन्या बाँडची माहिती घडाघडा बोलून दाखवते. अनेक मैत्रिणी, पण विवाह एकदाच, पत्नीची हत्या, इथपर्यंत येताच मूर तिला मध्येच तोडतात आणि बोलणे संपवतात. तोवर खेळीमेळीचा असलेला आवाज त्या एका वाक्यात कोरडा होतो. दुसऱ्या प्रसंगात, आपल्या प्रियकराला बाँडनेच मारले हे तिला कळते. बाँड सबब सांगत नाही. आपल्या व्यवसायात माणसे मरतात, हे तुला, मला आणि त्यालाही ठाऊक होते, असे तो तिच्याकडे पाहत शांतपणे म्हणतो आणि मारल्याची कबुली देतो. इतकी सरळ कबुली कॉनरींच्या बाँडने कधी दिल्याचे मला आठवत नाही.

‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये कड्याच्या टोकावर लटकलेल्या मोटारीला बाँड लाथ मारतो आणि आतल्या मारेकऱ्याला खाली लोटतो. आपला बाँड असे करणार नाही, असे मूर यांचे म्हणणे होते. दिग्दर्शक जॉन ग्लेन मात्र त्या लाथेवर ठाम राहिले. नटाने भूमिकेला घातलेली मर्यादा आणि मालिकेची बदलू पाहणारी दिशा यांतली ओढाताण त्या एका लाथेत दिसते. शेवटच्या ‘अ व्ह्यू टू अ किल’च्या वेळी मूर ५७ वर्षांचे होते आणि तो चित्रपट त्यांनी करायला नको होता, हे मला मान्य आहे.

* * *

मी आधी बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्या वाचल्या आणि चित्रपटांकडे नंतर वळले. १९५३ च्या ‘कसिनो रोयाल’पासून पुस्तकांतला बाँड थकतो, घाबरतो, स्वतःच्या कामाचा त्याला उबग येतो. पडद्यावर हा माणूस मला पहिल्यांदा दिसला तो डाल्टन यांच्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये, १९८७ साली. डाल्टन यांनी फ्लेमिंग मन लावून वाचले होते आणि ते कळतेही. चित्रपटाचा आरंभीचा भाग त्याच नावाच्या कथेवरून घेतलेला आहे : पळून येणाऱ्या एका रशियन अधिकाऱ्याला वाचवण्यासाठी बाँडने समोरच्या खिडकीतल्या नेमबाज स्त्रीला ठार मारायचे आहे. दुर्बिणीतून पाहताक्षणी त्याच्या लक्षात येते की बंदूक धरणारी ही स्त्री सराईत नव्हे, आणि तो तिला न मारता केवळ तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो. नंतर सहकारी तक्रारीची भाषा करतो, तेव्हा वरिष्ठांनी मला काढून टाकले तर मी त्यांचे आभार मानीन, असे बाँड चिडून सांगतो. त्या चिडण्यात एका माणसाचा अनेक वर्षांचा थकवा आहे.

धागाकर्तीची कसोटी इथेही लावता येते. १९८५ चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ आणि १९८७ चा हा, या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक ग्लेन आणि पटकथाकार रिचर्ड मेबम व मायकेल विल्सन. माणसे तीच, मध्ये अवघी दोन वर्षे, आणि तरीही खिडकीतला तो प्रसंग मूर यांच्यासाठी लिहिला गेला असता अशी कल्पनाही करवत नाही. ‘लायसन्स टू किल’मध्ये तर बाँड मित्रासाठी सूड घ्यायला निघतो, खात्याशी फारकत घेतो, आणि त्यातली हिंसा इतकी उघडी आहे की ब्रिटनमध्ये त्याला १५ वर्षांखालील प्रेक्षकांस मनाई करणारे प्रमाणपत्र मिळाले. पुढे कायदेशीर गुंता झाला, सहा वर्षे एकही बाँडपट आला नाही आणि डाल्टन यांना तिसरा चित्रपट मिळाला नाही. माझ्या मते या मालिकेचे ते सर्वांत मोठे नुकसान आहे.

* * *

नायक बदलत असताना जागचे न हललेले डेस्मंड लूएलिन यांना विसरू नये, एवढ्यासाठी लिहितो. १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत ते ‘क्यू’ होते आणि लॅझेनबींसह पाच बाँडांबरोबर ते दिसले; बाँडला शस्त्रे व उपकरणे पुरवणे हे ‘क्यू’चे काम. प्रत्येकाशी त्यांचे वागणे निराळे होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कॉनरींशी ते केवळ कामापुरते बोलतात, मूर यांच्यावर वैतागतात, आणि डाल्टन यांचा बाँड एकाकी पडतो तेव्हा रजा काढून स्वतः त्याच्या मदतीला जातात. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये ब्रॉस्ननना दोन शब्द सांगून ते जमिनीखाली उतरत दिसेनासे होतात, तो चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही आठवड्यांतच अपघातात त्यांचे निधन झाले.

* * *

ब्रॉस्नन यांच्याविषयी अजून कुणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्यांचा बाँड आधीच्या नटांचा मिलाफ मानला जातो. माझा अनुभव असा की १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये बाँडपेक्षा बाँडभोवतीचे जग अधिक बदलले. सोव्हिएत संघ राहिलेला नव्हता. बाँडचे वरिष्ठ असलेल्या ‘एम’च्या खुर्चीत ज्युडी डेंच आल्या आणि शीतयुद्धातून उरलेला, स्त्रियांना तुच्छ लेखणारा जुनाट प्राणी म्हणून त्यांनी बाँडची तोंडावर संभावना केली. प्रेक्षकांच्या मनातला आक्षेप चित्रपटाने स्वतःच उच्चारला आणि मगच नायकाला कामावर पाठवले. ब्रॉस्नन ते ऐकून घेतात, उलट बोलत नाहीत, आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर रणगाडा घालून भिंती पाडताना मध्येच टाय सरळ करतात. त्यांचा बाँड मला त्या हालचालीत पूर्ण दिसतो. २००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये अदृश्य होणारी मोटार आली, आणि आता या वाटेने पुढे जाता येणार नाही हे निर्मात्यांनीही ओळखले.

* * *

मी क्रेग यांच्यापासून सुरुवात करून उलट्या क्रमाने मागे गेले, त्यामुळे माझ्यासाठी बदल उलटा घडला. २००५ साली क्रेग यांची निवड जाहीर झाल्यावर त्यांच्या सोनेरी केसांवरूनसुद्धा किती गदारोळ झाला होता, हे मला पुढे वाचून कळले. त्यांच्या पहिल्या, ‘कसिनो रोयाल’ या चित्रपटात मी पाहिला तो बांधकामावरचा पाठलाग. पुढे पळणारा माणूस भिंतीच्या वरच्या अरुंद फटीतून मांजराच्या चपळाईने पार होतो. मागून येणारा बाँड ती भिंतच अंगाने फोडून आरपार जातो आणि अंगावरची पांढरी धूळ न झटकता धावत राहतो. या माणसाला अजून सफाई आलेली नाही, हे सांगायला तेवढे पुरते. जिन्यात दोघांना मारून झाल्यावर तो स्नानगृहात जातो, रक्त धुतो, दारू घशाखाली ओततो, आरशात पाहतो, नवा सदरा घालतो आणि पुन्हा पत्त्यांच्या टेबलाशी जाऊन बसतो. त्यानंतर मी १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधला रेल्वेतला प्रसंग पाहिला. जीवघेणी झटापट संपताच कॉनरी मेलेल्या ग्रँटकडून आपले पैसे काढून घेतात आणि एक टोमणा मारून मोकळे होतात. दोन्ही प्रसंग अस्सल आहेत. मारण्याची किंमत मारणाऱ्याला मोजावी लागते, हे मात्र क्रेग यांच्या काळात चित्रपट डोळ्यांसमोर मांडू लागला.

हे श्रेय एकट्या क्रेग यांचे नव्हे. ‘गोल्डनआय’ आणि ‘कसिनो रोयाल’ या दोन्हींचे दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल आहेत. एकाच माणसाने अकरा वर्षांच्या अंतराने मालिका दोनदा नव्याने उभी केली, आणि दुसऱ्या खेपेला प्रसिद्ध धून पूर्णपणे वाजवण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याचे धैर्य दाखवले.

* * *

वरचे सगळे वाचून एक मुद्दा मांडावासा वाटतो. कॉनरी ते ब्रॉस्ननपर्यंत प्रत्येक नट आधीच्याचा वारसा घेऊन येत असे, आणि म्हणूनच त्या खणाचा प्रसंग शक्य झाला. क्रेग यांचे पाच चित्रपट मिळून एकच कथा आहे. तिला आरंभ आहे, कारण ‘कसिनो रोयाल’मध्ये बाँडला ठार मारण्याचा परवाना नुकताच मिळतो, आणि तिला शेवट आहे, कारण ‘नो टाइम टू डाय’मध्ये तो मरतो. भूमिका अशी एका नटाच्या मालकीची पूर्वी कधी झाली नव्हती. तो मृत्यू मला पटला, आणि शेवटी ट्रेसीच्या चित्रपटातले लुई आर्मस्ट्राँग यांचे १९६९ चे गाणे वाजू लागले तेव्हा ट्रेसीची आठवण येऊन डोळे भरून आले. परंतु मेलेल्या माणसाचा वारसा पुढचा नट कसा घेणार, हा प्रश्न त्याच चित्रपटाने निर्माण करून ठेवला आहे.

२०२५ साली बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांच्याकडची निर्मितीची सूत्रे ॲमेझॉन एमजीएमकडे गेली आणि पुढच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव यांचे नाव जाहीर झाले. पुन्हा पहिल्या कामगिरीपासून सुरुवात करण्याचा मोह होईल. मला मात्र असा बाँड हवा आहे, जो अनेक वर्षे हे काम करत आलेला आहे आणि ज्याला ट्रेसी आठवते. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ नवा असतानाच पाहिलेले कुणी हा धागा वाचत असेल, तर तो खण उघडला जाताना प्रेक्षकांत काय घडले, हे त्यांनी जरूर लिहावे.