व्हिएतनाम 'युद्ध विसरला' म्हणे! कुठे दिसलं हे?

पायपीट:
'भटकी' यांचा 'व्हिएतनाम: पहिली छाप' हा लेख वाचला. हसतमुख माणसं, फुलांनी भरलेल्या सायकली, स्वस्ताई, शिस्त, इथपर्यंत ठीक. पण शेवटचं वाक्य असं: "या देशाने युद्ध केव्हाच विसरून टाकलं म्हणून तो पुढे गेला, आपण मात्र इतिहास उगाळत बसलोय." यावर वाहवांचा पाऊस पडलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेखात होई आन या जुन्या शहराच्या कंदिलांचे फोटो आहेत. तिथून गाडीने साधारण तासाभरावर 'मी सोन' नावाचा प्राचीन देवळांचा समूह आहे. त्या भागावर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून तिथे शंकराची देवळं उभारली. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतलं सगळ्यात भव्य शिखर जमीनदोस्त झालं. बॉम्बचे खड्डे आजही देवळांना खेटून आहेत. मी गेलो तेव्हा नुकताच पाऊस झाला होता, खड्ड्यांत गढूळ पाणी साचलं होतं आणि कडेच्या विटांवर शेवाळ चढलं होतं. क्वांग त्री प्रांतात तर न फुटलेले बॉम्ब शोधून काढायचं काम अजून चालूच आहे. ज्याच्या शेतात बॉम्ब निघतो, तो कसा विसरेल? त्यांनी सूड सोडला, आठवण नाही. आणि हे तिथे गल्लोगल्ली दिसतं.

भटकी:
शीर्षकात 'पहिली छाप' लिहिलंय, प्रबंध नाही. हनोईत होआन कीम तळ्याकाठी सकाळी व्यायाम करणारे एक आजोबा भेटले. स्वतः लढलेले. त्यांची मुलगी दुभाषी झाली. मी युद्धाचं विचारलं तर हात झटकून म्हणाले, ते झालं, आता नातीला अमेरिकेत शिकायला पाठवायचंय. मी कोणाचं ऐकू, त्यांचं की तुमच्या खड्ड्यांचं?

आणि सायगावचं ते युद्ध-संग्रहालय तुम्ही पाहिलंच असेल. १९७५ साली उघडलं तेव्हा नावातच 'अमेरिकी गुन्हे' होते. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले आणि नाव 'युद्ध-अवशेष संग्रहालय' झालं. हे नाव कोणी बदललं? त्यांनीच ना?

सडेतोड:
दोघांचं चालू द्या. मला 'शिस्त' खटकली. हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवरून चालून दाखवा. अर्ध्यावर स्कूटरी, अर्ध्यावर प्लास्टिकची बुटकी स्टुलं आणि नूडल्सच्या वाट्या. माणसाने रस्त्यातून चालायचं. आणि एका टॅक्सीवाल्याने मला सरळ गंडवलं. वीस हजार डोंगची नोटही निळी, पाच लाखांचीही निळी. मी मोठी दिली, त्याने हातचलाखीने छोटी दाखवली आणि वर माझ्यावरच ओरडला. तेव्हापासून हसतमुख लोकांची वर्णनं वाचली की डोकं फिरतं.

भटकी:
एका टॅक्सीवाल्यावरून दहा कोटी लोकांचा निकाल?

सडेतोड:
तुम्ही एका आजोबांवरून दिलात तो चालतो?

रस्सा:
रस्ता ओलांडण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. एका गतीने चालत राहिलं की स्कूटरी आपोआप दोन्ही बाजूंनी वळून जातात. मला तरी ही शिस्तच वाटली. हेल्मेटही बहुतेक सगळ्यांच्या डोक्यावर, २००७ पासून सक्ती आहे.

सडेतोड:
हेल्मेटचं मान्य. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

गडकोट:
मुख्य गोष्ट सगळे विसरताय. अमेरिकेला हरवण्याची प्रेरणा व्हिएतनामने छत्रपती शिवाजी महाराजांकडून घेतली. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी तसं सांगितलं आणि समाधीवर 'शिवरायांचा मावळा' असं कोरून घेतलं. हा मेसेज सगळ्यांकडे आहे. लेखात त्याचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.

पायपीट:
कोणत्या राष्ट्राध्यक्षांच्या? हो ची मिन्ह यांचा देह हनोईत बा दिन्ह चौकातल्या स्मारकात जतन करून ठेवलाय. दर्शनी भागावर फक्त 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढंच आहे. मी रांगेत उभा राहून आत जाऊन आलोय. असा मजकूर कुठेही नाही. खरं तर त्यांनी दहन करा असं लिहून ठेवलं होतं, पुढच्यांनी ते मानलं नाही.

गडकोट:
म्हणजे महाराजांचा गनिमी कावा खोटा? तुमच्यासारख्यांना आपलं काही मोठं झालेलं बघवत नाही. परदेशात चार दिवस फिरलात की लगेच अक्कल शिकवायला मोकळे.

पायपीट:
मी महाराजांबद्दल एक अक्षर वावगं बोललेलो नाही, तोंडी घालू नका. मेसेज खोटा आहे, एवढंच म्हणतोय. आणि अशा मेसेजने आपण महाराजांना परक्याच्या प्रशस्तिपत्रावर उभं करतो, याचा मला राग येतो.

निवृत्त मास्तर:
मी इतिहास शिकवला म्हणून राहवत नाही. बाख डांग नदीची लढाई वाचा. इ.स. ९३८ मध्ये न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनापतीने नदीच्या तळात टोकदार खांब रोवले, भरतीत शत्रूची जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटी लागताच ती खांबांवर अडकवली. १२८८ मध्ये चान हुंग दाओ याने तीच युक्ती मंगोलांवर चालवली. महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे बलाढ्य शत्रूला आपल्या जमिनीवर, आपल्या पाण्यात ओढून मारण्याची त्यांची स्वतःची परंपरा फार जुनी आहे. ती त्यांच्याकडून काढून घेऊन आपण त्यांना शिष्य ठरवतो. उलट कोणी आपल्याबाबतीत केलं तर?

गडकोट:
खांबांची गोष्ट माहीत नव्हती, वाचीन. पण दोन्हींकडची युद्धनीती सारखी आहे, हे तर मान्य कराल?

निवृत्त मास्तर:
साम्य आहेच. साम्य म्हणा, शिकवण म्हणू नका.

गडकोट:
बरं. साम्य.

रस्सा:
शाकाहारी मंडळींसाठी: 'नुओक माम' हा माशाचा सॉस भाजीतही पडतो, विचारून घ्या. 'चाय' (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) पाटीची खानावळ शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक स्वतःच शाकाहार करतात.

भटकी:
पायपीट, संग्रहालयाच्या नावाचं उत्तर अजून आलं नाही.

पायपीट:
नाव त्यांनीच बदललं, मान्य. पण आतली एजंट ऑरेंजची, म्हणजे युद्धात अमेरिकेने फवारलेल्या विषारी रसायनाची, दालनं बंद केली नाहीत. दा नांग विमानतळाच्या मातीत त्याच रसायनातलं डायॉक्सिन हे विष मुरलं होतं. ते काढायला अमेरिकेचा पैसा लावून घेतला, काम २०१८ मध्ये संपलं. हिशेब मांडला, वसूलही केला आणि मग व्यापार केला. याला विसरणं म्हणत नाहीत.

भटकी:
'विसरून टाकलं' काढते, 'मागे टाकलं' लिहिते. याहून पुढे मी सरकणार नाही, कारण आजोबांचा तो झटकलेला हात मी पाहिलाय.

पायपीट:
'मागे टाकलं'ही मला पटत नाही, पण निदान खोटं नाही. आणि 'आपण उगाळत बसलोय' हेही काढा. 'मी सोन'च्या देवळांची डागडुजी २०१७ पासून पुढे काही वर्षं आपल्याच पुरातत्त्व खात्याने केली. त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. इतिहास उगाळणाऱ्यांनीच ते शोधलं.

भटकी:
ते वाक्य राहणार.