मदत हवी आहे: आयरिश 'सुलिव्हन' घराण्याचं मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या सासरचा आहे, आणि सासर आयरिश आहे. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने जेवताना सासऱ्यांना सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" ते म्हणाले, "कॉर्क." आई म्हणाली, "तो जिल्हा झाला. गाव?" टेबलावर सगळे गप्प. तेव्हापासून मी या नादाला लागले आहे. (आयरिश पासपोर्ट वगैरे नकोय, नुसती खाज आहे.)

हाताशी एवढंच आहे: सासऱ्यांचे आजोबा जेरेमाया सुलिव्हन, जन्म १८६२ च्या आसपास. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत इथे आल्याचं साल १८८२. जवळच्याच लॉरेन्स शहरातल्या कापडगिरणीत कामाला होते. थडग्यावर 'काउंटी कॉर्क', नागरिकत्वाच्या कागदावर राणी व्हिक्टोरियाशी निष्ठा सोडल्याची शपथ आणि नुसतं 'आयर्लंड'. नाही म्हणायला मॅसॅच्युसेट्सच्या विवाह नोंदवहीत आईवडील सापडले: कॉर्नेलियस सुलिव्हन आणि जोहाना हॅरिंग्टन.

आडनावावरून गाव काढू म्हटलं तर तेही जमेना. आपल्याकडे 'कर' लागला की निम्मं काम होतं. यांच्या 'ओ'सुलिव्हन'मधल्या 'ओ'चा अर्थ नातू, म्हणजे वंशज. आडनाव मूळपुरुष सांगतं, गाव नाही. शिवाय इंग्रजी अमलात बऱ्याच घरांनी 'ओ' टाकला आणि पुढे काहींनी परत लावला, त्यामुळे सगळं दोनदा शोधायचं. कॉर्कमध्ये सुलिव्हन शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं.

जनगणनेचीही बोंब. १८२१ ते १८५१ ची बहुतेक दप्तरं १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत जळाली. १८६१ आणि १८७१ ची सरकारने स्वतःच नष्ट केली, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेली. पूर्ण उरलेली पहिली जनगणना १९०१ ची, आणि आमचे आजोबा त्याआधी १९ वर्षं निघून गेलेले.

मग कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या फुकट पाहायला ठेवल्यात. कॉर्कच्या धर्मप्रांतात तीन जेरेमाया मिळाले, पण एकाचीही आई हॅरिंग्टन नाही. पैसे भरलेल्या एका साइटने त्यातलाच एक उचलून १७०० पर्यंतचा वंशवृक्ष जोडून दिला! आई दुसरीच असली तरी चालतं म्हणे. वर्गणी बंद केली.

आणखी एक. सासऱ्यांना आठवतं, आजोबा म्हणायचे, "आम्ही बॉन सुलिव्हन." हे 'बॉन' गाव असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, बॉनच्या मागे नकाशावर धावू नका. आयरिशमध्ये 'बान' म्हणजे पांढरा, गोरा. एकाच वाडीत पाच-सहा डॅनियल सुलिव्हन असले की घराण्याला असं टोपणनाव चिकटायचं. आपल्याकडे 'वरच्या आळीचे', 'घारे' म्हणतात ना, तसंच. १८४७ ते १८६४ मध्ये झालेली ग्रिफिथची मोजणी, म्हणजे करासाठी केलेली आयर्लंडभरच्या जमिनी-घरांची नोंद, पाहा. त्यात कूळ कोण, जमीनमालक कोण, सगळं वाडीवार आहे, आणि सारख्या नावाच्या कुळांपुढे कधीकधी ही टोपणनावंही दिलेली असतात.

तुमची खरी खूण हॅरिंग्टन आहे. सुलिव्हन आणि हॅरिंग्टन एकत्र दिसले की माझं बोट आधी बेआरा द्वीपकल्पावर जातं. आणि तुमची चूक बहुधा इथेच झाली: बेआराचा बराचसा भाग कॉर्क काउंटीत असला तरी चर्चच्या हिशेबाने केरी धर्मप्रांतात येतो. कॅसलटाउनबेअर, आयरीझ, ॲलिहीझ या परगण्यांच्या वह्या केरीखाली मिळतील.

नावाचंही जपून. मूळ आयरिश दिअर्मिद. इंग्रजीत त्याचा कोणी जेरेमाया केला, कोणी डार्बी. जोहानाचंही तेच, मूळ शिवॉन असेल तर कुठे ज्युलियासुद्धा.

आणि आजोबांचा जन्म सोडा, त्यांची धाकटी भावंडं शोधा. १८६४ पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली. तिच्यात वाडीचं नाव असतं आणि आईचं माहेरचं आडनावही. चर्चच्या वहीत हे नशिबावर.

मूळ धागाकर्ती

दादा, पाय कुठे आहेत तुमचे? आयरीझच्या वहीत १८६२ चा 'डार्बी' मिळाला, वडील कॉर्नेलियस, आई जोहाना हॅरिंग्टन. मागच्या पानाची शाई फुटून अर्धी ओळ गेलीय, पण 'हॅरिंग' स्पष्ट आहे. तेच आईबाप असलेल्या एका धाकट्या बहिणीची १८६७ ची जन्मनोंदही मिळाली. खबर देणारी खुद्द आई. सहीच्या जागी फुली, आणि फुलीच्या आजूबाजूला कारकुनाने लिहिलंय, 'तिची खूण'. सासरे बराच वेळ त्या फुलीकडेच बघत होते.

वाडीचं नाव आहे, पण अक्षर डॉक्टरांच्या वरताण. पहिलं अक्षर 'के' की 'आर' यावर घरात दोन तट पडलेत. सासरे 'के' म्हणतात, आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर 'आर'वर ठाम आहे. खाली चित्र जोडलंय. जुनं इंग्रजी वळण वाचता येणारं कोणी आहे का इथे?